लॅडलसाठी राखलेला वेळ

माझ्या सासूबाईंनी माझ्या कामाची व्याख्या एका वाक्यात करून ठेवली आहे. जावई काय करतात, असं कुणी विचारलं की त्या सांगतात, "मशिनींना टाइम लावत्यात." ऐकणाऱ्याला वाटतं मी घड्याळजी आहे. एका बारशात एका गृहस्थांनी खरोखरच मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे मी ते घेऊन आलो, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या ओळखीच्या दुकानात सेल बदलून घेतला आणि नेऊन दिलं. त्यांनी दोनदा चहा पाजला. माझ्या आजवरच्या नोकरीत एवढं खूश झालेलं गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिलंय.

तशा सासूबाई फार चुकत नाहीत. हल्लीच्या कारखान्यात एक मोठा संगणक सगळं चालवतो असं नसतं. लोखंड ओतायच्या कारखान्यात वाळू मळणाऱ्या यंत्राजवळ एक लहानसा संगणक असतो, साचे दाबणाऱ्या यंत्राजवळ दुसरा, रस ओतणाऱ्या यंत्राजवळ तिसरा, आणि हे सगळे एकाच तारेवरून एकमेकांशी बोलत असतात. यातल्या प्रत्येकाला एका वेळी एकच काम येतं. तो कामं इतक्या भराभर बदलतो की बघणाऱ्याला सगळं एकदमच चाललंय असं वाटतं. कुठलं काम आधी, किती वेळ, आणि कुणी थांबायचं, हे ठरवणं आणि तो वेळ आधीच राखून ठेवणं, हा माझा धंदा. आमच्या कंपनीत हे काम करणारे आम्ही दोघंतिघंच. बाकीचे यंत्रं हलवतात. आम्ही ती वेळेवर हलतील एवढंच बघतो.

या कामाचा एकच नियम आहे. उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चुकीचं उत्तर. हा नियम मला कॉलेजात शिकवला होता, पण समजला लग्नानंतर. सुनीतानं, म्हणजे बायकोनं, नवी साडी नेसून "कशी आहे?" विचारलं आणि मी "छान" म्हणालो. उत्तर बरोबरच होतं. पण ते यायला जो वेळ लागला तेवढ्यात ती आत जाऊन साडी बदलून आली होती.

बाहेरच्या माणसाला हे आरक्षणाचं प्रकरण समजवायला मी चंदगडच्या आत्याकडच्या एसटीचा दाखला देतो. चंदगडहून पुण्याला निघालात तर कोल्हापुरात गाडी बदलायची. पहिल्या गाडीत खिडकीची जागा मिळाली म्हणून आपण खूश, आणि कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो तर पुढची गाडी भरलेली. मग त्या खिडकीचा काय उपयोग? आमचंही तसंच. कारखान्यात कुणी थांबायचं बटण दाबलं, तर तो निरोप एका संगणकात शिरतो, तारेवर चढतो, दुसऱ्या संगणकात उतरतो, आणि मग यंत्राचा हात थांबतो. या तिन्ही ठिकाणी त्याची जागा राखलेली पाहिजे. दोन ठिकाणी आहे आणि तिसऱ्या ठिकाणी "बघू, मिळेल" असेल, तर ती जागा नव्हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे ही जागा किती राखायची. इथं शिकली-सवरलेली माणसंही फसतात. ते म्हणतात, या कामाला सरासरी इतका वेळ लागतो, तेवढाच राखा. आमच्या घरी जेवणाला सरासरी माणूस दोन भाकरी खातो. पण सुनीताचा भाचा तालमीत जातो. तो ज्या दिवशी येतो त्या दिवशी सरासरीचं पीठ परातीतच संपतं. आम्ही वेळ राखतो तो पैलवानासाठी. पैलवान वर्षातून एकदाच येईल, पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी उपाशी गेला नाही पाहिजे. उरलेल्या दिवशी ती जागा रिकामी दिसते. आणि रिकामी जागा कोल्हापूरच्या माणसाला बघवत नाही.

हे मी अनुभवानं सांगतो. आमच्याकडं वडापची जीप गच्च भरलेली असते, टपावर दोघं असतात, तरी रस्त्यात कुणी हात केला की ड्रायव्हर थांबतो आणि आतले सगळे एका सुरात म्हणतात, "सरका की जरा, बसतंय." आणि तो बसतो. कसा ते पदार्थविज्ञानाला माहीत नाही. अशा मुलखात मी पोटासाठी जे काम निवडलं, त्यात अर्धी गाडी रिकामी असताना हात करणाऱ्याला "नाही" म्हणायचं असतं. घरात, पेठेत, पाहुण्यांत मला जो शब्द येत नाही, तो मी प्रोग्राममध्ये लिहून ठेवतो आणि माझ्या वतीनं यंत्राला म्हणायला लावतो. भित्रा माणूस दारावर कुत्रं पाळतो, त्यातलाच प्रकार.

एका दूध प्रकल्पात तर मी कुणालाच नाही म्हणालो नव्हतो. तिथं प्रत्येक खात्यानं आपापलं काम पहिल्या नंबरचं, असं लिहून दिलं. पाश्चरायझरचा पहिला नंबर, टाक्या धुण्याचा पहिला नंबर, पिशव्या भरण्याचा पहिला, आणि अध्यक्षांच्या केबिनमधल्या स्क्रीनचा तर अर्थात पहिलाच. मी म्हणालो, बरं. सगळ्यांना पहिला नंबर दिला की कुणालाच दिला नाही असं होतं, हे मला माहीत होतं, पण समोर अध्यक्ष होते आणि पेढे होते. चाचणीच्या दिवशी केबिनमधला स्क्रीन लखलखीत चालला आणि पिशव्या भरणारं यंत्र त्याच्या पाळीची वाट बघत उभं राहिलं. दूध पिशवीत पडायचं ते फरशीवर पडलं. त्यानंतर मी कानाला खडा लावला. म्हणजे, नाही म्हणायला शिकलो असं नव्हे. नंबर द्यायचे सोडून जागा राखायला लागलो.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ती मेव्हण्याची आहे.

सुनीताचा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. शिरोली एमआयडीसीत त्याची लोखंडाच्या ओतकामाची फौंड्री आहे. वडलांच्या काळी हातानं साचे भरायचे. दादानं मोठ्या जिद्दीनं नवी लाइन बसवली. साचे आपोआप दाबले जातात, एकामागं एक रांगेनं पुढं सरकतात, आणि वितळलेल्या लोखंडाचं भांडं, म्हणजे लॅडल, साच्यावर येऊन कलतं, रस ओततं आणि सरळ होतं. या लाइनचे संगणक आमच्या कंपनीनं बसवले. नात्यात काम घेऊ नये, असं मी साहेबांना सांगणार होतो. सांगता सांगता "चालेल" असं तोंडातून गेलं.

हातानं साचे भरणाऱ्या जुन्या माणसांना दादानं काढलं नाही. सगळ्यांना नव्या लाइनवर शिकवलं. रंगराव त्यातले सर्वात जुने. आता ते लॅडलच्या बाजूला कठड्यापाशी उभे असतात आणि त्यांच्या हाताशी एक लाल बटण आहे. साचा फुटला, रस बाहेर आला, काहीही गडबड दिसली की ते बटण दाबायचं आणि लॅडल तत्काळ सरळ झालं पाहिजे. माझी सगळ्यात मोठी राखीव जागा त्या बटणाची. रोजच्या कामात तिचा उपयोग शून्य.

ही लाइन दादानं एका मोठ्या वाहन कंपनीच्या भरवशावर टाकली होती. ती कंपनी गाडीच्या एका भागाचं ओतकाम देणार होती, पण आधी त्यांची माणसं येऊन कारखाना बघणार. पसंत पडलं तर लाइन दिवसभर चालेल. नाही पडलं तर आठवड्यातले काही दिवस चालेल, आणि मग रंगरावांसारख्या किती जणांना घरी बसा म्हणायचं, हे दादाला ठरवायला लागलं असतं. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. सुनीताला सांगितलं होतं, म्हणजे मला सांगितल्यासारखंच.

पाहणीच्या थोडं आधी एका रविवारी दादानं आम्हाला जेवायला बोलावलं. दादाच्या घरी जावयाला मटणाची वाटी रिकामी होताना दिसली तर तो घराण्याचा अपमान असतो, त्यामुळे मी बोलण्याच्या परिस्थितीत नव्हतो. तेवढ्यात दादानं विषय काढला. लॅडलच्या वर कॅमेरा बसवायचा. पाहुणे जिथून काचेतून कारखाना बघतात त्या सज्जात मोठा पडदा लावायचा. रस ओतताना तो सोन्यासारखा झळाळता रस पडद्यावर भिंतीएवढा दिसला पाहिजे. कॅमेरा आणि पडदा आलेसुद्धा होते.

मी विचारलं, कॅमेऱ्याची तार कुठून नेणार. दादा म्हणाला, नवी तार ओढायची तर भट्टीच्या डोक्यावरून न्यावी लागते, म्हणजे भट्टी थंड करायला लागते, आणि एवढ्यात ते होत नाही. "तुमचीच तार हाय की तिथनं गेलेली. आणि तुमच्या त्या कॉम्प्युटरवर मी बघितलंय पावणं, निम्मा रिकामा हाय. त्यात बसवा."

निम्मा रिकामा होता हे खरं. ते दिसावं म्हणून मीच तिथं एक हिरवी पट्टी काढून ठेवली होती, कामाचा अभिमान म्हणून. तोंडात घास होता. मी म्हणालो, "बघतो."

परतताना स्कूटरवर मागून सुनीता म्हणाली, दादाला नाही म्हणाला नाहीत ते बरं केलंत.

मी म्हणालो, "मी हो पण म्हणालेलो नाही. बघतो म्हणालो."

"आमच्यात बघतो म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी कॅमेऱ्यासाठी रीतसर जागा मागून बघितली. प्रोग्रामनं आधी ओतणाऱ्या संगणकाकडं विचारलं, मग तारेकडं, मग सज्जातल्या संगणकाकडं, आणि सांगितलं की जागा नाही. ओतायच्या क्षणी रस किती पडला याचं वजन, धार किती जाड, लॅडल किती कलायचं, आणि ते लाल बटण, हे सगळं एकदम येतं. पैलवान आणि त्याची सगळी तालीम एकाच पंगतीला. हिरवी पट्टी रिकामी दिसते ती बाकीच्या वेळी.

एक रस्ता होता. एसटीत आरक्षणाची जागा रिकामी असेल तर कंडक्टर म्हणतो, बसा, पण गडहिंग्लजला ज्याचं तिकीट आहे तो चढला की उठायचं. तशी कॅमेऱ्याला उठायच्या अटीवर जागा देता येत होती. रस ओतला जात नसेल तेव्हा चित्र चालेल. लॅडल कलायला लागलं की कॅमेऱ्यानं उठायचं, आणि पडद्यावर शेवटचं चित्र तसंच थिजून राहील. लॅडल सरळ झालं की जरा वेळानं पुन्हा सुरू. आमच्याकडं एकदा बसलेला माणूस उठत नाही, पण माझा प्रोग्राम उठवतो, अगदी दंडाला धरून.

हे सांगायला मी शिरोलीला गेलो. दादानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे नवरदेव घोड्यावर बसला की व्हिडिओवाला जेवायला जाणार."

मी म्हणालो, साधारण तसंच.

"अवो, तेच तर दाखवायचं हाय. लॅडल रिकामं फिरताना कोण बघतंय? त्या दिवसापुरता बटणाचा जरा टाइम कॅमेऱ्याला द्या. ते बटण रोज कोण दाबतंय? बसवल्यापासनं एकदा तरी दाबलंय का, रंगरावांना इचारा."

रंगराव तिथंच होते. ते म्हणाले, "न्हाय मालक, एकदा पण न्हाय." आणि मग हळूच म्हणाले, "पण हाय ते बरं वाटतंय."

दादानं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. खरं तर तेव्हाच मी सरळ नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "दादा, मी तयार आहे हो, पण प्रोग्रामच घेत नाही."

"प्रोग्राम कुणी लिवलाय?"

मी रंगरावांकडं बघितलं.

"सुनीतानं लिवलाय का?"

शेवटी कुरकुरत का होईना, उठायच्या अटीवरचा कॅमेरा त्यानं मान्य केला. पाहुण्यांचं लक्ष नसेल, गेलं तरी एवढं काय, असं त्यानं स्वतःला समजावलं. आणि मला बजावलं, की त्या दिवशी मी यायचं, उभं राहायचं, पण बोलायचं नाही. बोलायचं ते तो बोलेल. मला ही अट फार आवडली. न बोलण्याचं काम मला चांगलं जमतं.

पाहणीला तिघं आले. त्यांच्यातल्या मुख्य कर्णिक मॅडम. साठीकडं झुकलेल्या, पायात स्वतःचे सेफ्टी बूट घालूनच गाडीतून उतरल्या. आम्ही भेटीला ठेवलेले फेटे त्यांनी हातात घेतले, छान आहेत म्हणाल्या आणि डोक्यावर हेल्मेट घातलं. भराभर चालायच्या आणि जिथं थांबायच्या तिथं दादाच्या कपाळावर घाम यायचा.

सज्जात आलो. पडदा मोठा झकास दिसत होता. लॅडल रांगेवरून सरकत आलं, आत रस लालभडक, पडद्यावर त्याचा उजेड आमच्या तोंडांवर पडला. तिघांपैकी एक जण "वा" म्हणाले. दादानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. लॅडल साच्यावर आलं, कलायला लागलं, रसाचा पहिला थेंब ओठावर आला आणि चित्र थिजलं.

सगळे त्या थिजलेल्या थेंबाकडं बघत राहिले. मग चित्र सुरू झालं तेव्हा लॅडल सरळ होऊन निघून चाललं होतं. पुढचं लॅडल आलं. पुन्हा तेच. अक्षता पडायच्या वेळेला बरोबर समोर कुणीतरी उंच माणूस उभा राहावा तसं.

दादा हसत म्हणाला, "आज जरा रेंजचा प्रॉब्लेम आहे."

मॅडमनी विचारलं, ही लाइन इंटरनेटवर चालते का.

दादा घाईघाईनं म्हणाला, नाही नाही, इंटरनेटचा संबंध नाही, आतली तारच जरा स्लो आहे, पुढच्या महिन्यात बदलणार आहोत.

मला वाटलं आता विषय संपला. पण मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग काचेतून खाली बघितलं. कठड्यापाशी रंगराव उभे होते, हात बटणाजवळ.

"त्या गृहस्थांचं बटण याच तारेवर आहे का?"

 दादानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात दोन गोष्टी एकदम होत्या. बोलू नका, आणि काहीतरी बोला. त्याची चूक साधी होती आणि आमच्यातला कुणीही ती केली असती. पाहुण्यासमोर घरातली उणीव झाकायला तो लहानसं खोटं बोलला होता. मीठ जास्त पडलं तर आपण म्हणतो, यंदाचं मीठच खारट आलंय. पण इथं त्या खोट्यानं नसलेली उणीव तयार केली होती. तार स्लो असेल, तर बटणही स्लो. मॅडमच्या जागी मी असतो तर तिथूनच परत गेलो असतो.

मी बोललो. आवाज कुठून आला माहीत नाही.

"मॅडम, तार स्लो नाही. चित्र मी थांबवलंय."

"म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. उठायच्या अटीवरची जागा, ओतायच्या वेळचं काम, बटणासाठी राखलेला वेळ. एसटी सांगितली, पैलवान सांगितला. सांगताना मी दादाकडं बघत नव्हतो, पण त्याचा चेहरा भट्टीतून काढल्यासारखा झालाय हे बघायची गरज नव्हती. पाव्हण्यांसमोर मेव्हण्याला खोटं पाडणं म्हणजे काय, हे कोल्हापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला दाखवायचं चित्र तुम्ही मुद्दाम थांबवलंत."

"हो. तुम्ही नसताना पण थांबतं."

त्यांनी हेल्मेटचा पट्टा ओढून घट्ट केला. मग म्हणाल्या, "दाखवा."

त्यांना हवं होतं ते असं. कॅमेरा चालू, पडदा चालू, लाइन भरधाव, आणि रस ओतला जात असतानाच बटण दाबायचं. लाइन बसवताना रिकाम्या लॅडलवर ही चाचणी आम्ही कितीदा केली होती. भरल्या लॅडलवर, ओतण्याच्या मध्यावर, कुणीच केली नव्हती, कारण अर्धा साचा वाया जातो. आणि लॅडल उठलं नाही तर नुसता साचा जात नाही.

हो म्हणायचं की नाही, हे दादाच्या हातात होतं. तो म्हणाला असता, की असं आमच्यात करत नाहीत, तर कुणी जबरदस्ती केली नसती. त्याला माझ्यावर विश्वास ठेवायला काही कारणही नव्हतं. मी नुकताच चारचौघांत त्याचं नाक कापलं होतं. तो काचेपाशी गेला, तिथला फोन उचलला आणि खाली रंगरावांना सांगितलं, पुढचं लॅडल कललं की दाबा.

खालून रंगरावांचा आवाज आला, "मालक, अर्धा साचा जातोय की."

"जाऊ दे. दाबा तुम्ही. आणि दोन पावलं मागं सरून दाबा."

लॅडल आलं. कललं. पडद्यावर थेंब ओठावर आला आणि चित्र थिजलं, खाली धार सुरू झाली. रंगरावांचा हात बटणावर पडलेला मी बघितला, पण सवयच वाईट, पुढच्याच क्षणी मी पडद्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पडद्यावर लॅडल कललेलंच होतं, भिंतीएवढं, लालभडक. पाहुण्यांतल्या एकाच्या तोंडून "नाही थांबलं" असं निघून गेलं. दादानं माझं मनगट धरलं. त्याचे वडील साचे भरायचे, तो हात वारशानं आलेला आहे.

एकट्या कर्णिक मॅडम पडद्याकडं पाठ करून काचेतून खाली बघत होत्या.

"तिकडं काय बघताय," त्या म्हणाल्या. "इकडं बघा."

खाली लॅडल केव्हाच सरळ उभं होतं. साच्यात जेमतेम निम्मा रस, त्यावरून धूर निघत होता. रंगराव दोन पावलं मागं, हात अजून हवेत. आम्ही पुन्हा वळलो तेव्हा पडदा जागा झाला आणि त्यानंही सावकाश सांगितलं, की लॅडल सरळ आहे. दादानं मनगट सोडलं. चार बोटांचे वळ उठले होते.

चहा झाला. जाताना मॅडम एवढंच म्हणाल्या, की काम पुढं गेलं तर त्यांची एक अट राहील. या लाइनवर काहीही नवं बसवायचं झालं, अगदी एक दिवासुद्धा, तर आधी या गृहस्थांनी हो म्हटलं पाहिजे. गृहस्थ म्हणजे मी. दादा "अवश्य" म्हणाला. इतकं शुद्ध मराठी तो चिडल्याशिवाय बोलत नाही.

त्या दिवशी मला जेवायला थांबा म्हटलं गेलं नाही. सुनीताच्या माहेरात याचा अर्थ काय होतो, ते मी स्कूटर चालू करताना समजून घेतलं. पुढं बरेच दिवस दादाचा फोन सुनीताला यायचा, आणि त्यात मी कसा आहे हे विचारलं जायचं नाही. मला एका गोष्टीची चुटपूट लागून राहिली. ते वाक्य, "चित्र मी थांबवलंय", हे मी बोलायला नको होतं. ते दादानं बोलायला हवं होतं. कारखाना त्याचा, माणसं त्याची, बटण त्यानं बसवून घेतलेलं. आदल्या दिवशी मी त्याला नीट सांगितलं असतं, की चित्र थांबतं ही उणीव नव्हे, हेच दाखवण्यासारखं आहे, तर तो छाती पुढं काढून ते मॅडमना सांगत सुटला असता. बोलणारा तो आहे. पण मी प्रोग्रामच्या आड लपून बसलो होतो.

काम मिळालं. हे मला रंगरावांकडून समजलं. ते बाजारात भेटले, पिशवीतून दोन कणसं काढून माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाले, लाइन आता दुपारपाळीला पण चालत्या. तो अर्धा भरलेला साचा फोडला तेव्हा आतलं कास्टिंग मालकांनी भंगारात टाकू दिलं नाही, म्हणाले. ऑफिसात टेबलावर ठेवलंय. पाहुणे आले की ते हातात देऊन दादा पाहणीची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत चित्र दादाच थांबवतो. मला हे ऐकून बरं वाटलं. तशीच व्हायला हवी होती ती.

मग गेल्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. थेट मला. मी स्वयंपाकघरात भेंडी पुसत होतो, सुनीता पलीकडं पीठ मळत होती.

"पावणं, बरं हाय न्हवं?" दादा म्हणाला. जसं काही काल भेटलो होतो.

पोरांची चौकशी झाली, पावसाची झाली. मग मुद्दा आला. गेटजवळ एक बोर्ड लावायचाय. आज किती माल निघाला ते आकडे त्यावर येता-जाता सगळ्यांना दिसले पाहिजेत, माणसांना हुरूप येतो. तार तीच. "बारकं हाय वो. आकडेच तर हाईत. कोपऱ्यात कुठंतरी बसंल. नुसतं व्हय म्हणा, बाकी मी बघतो."

आता दुपारपाळी सुरू झाल्यापासून त्या तारेवर नवे दोन निरोप वाढले होते, आणि ते मीच बसवले होते. उठायच्या अटीवरसुद्धा जागा उरलेली नव्हती. मला ते न बघता माहीत होतं. प्रोग्रामला विचारतो, असं म्हणता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"नाही दादा," मी म्हणालो.

"बघतो पण न्हाय?"

"बघितलंय. नाही होणार."

त्यानं फोन ठेवला. मी भेंडी हातात धरून उभा. सुनीतानं मळता मळता माझ्याकडं बघितलं. थोड्याच वेळात तिचा फोन वाजला. तिनं पिठाच्या हातानंच तो उचलून कानाला लावला. पलीकडून दादा बराच वेळ बोलत होता. ती नुसतं व्हय, व्हय म्हणत होती. मध्येच तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं आता फोन माझ्या हातात येणार.

"सगळं खरं हाय दादा," ती म्हणाली. "पण हे जल्मात पयल्यांदा न्हाय म्हणाल्यात. ऱ्हाऊ दे की जरा."